हिरव्या पट्ट्यांचा राक्षस

राक्षसाचं ते चित्र मला इतकं आवडलं की मी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘उत्तम’ लिहिलं आणि मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले. आता ते आठवलं की तोंडाला कोरड पडते. तेव्हा मात्र मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

मी नागपुरात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. ही हकिकत दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा मला त्या शाळेत सोळा वर्षं झाली होती. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परतली ती जपानी वीरांच्या मालिकांचं वेड घेऊनच. नववीतल्या एका मुलीच्या थोरल्या भावाने तिला आपला जुना मोबाइल दिला होता, त्यात ते भाग भरलेले होते. त्या मालिकांचा साचा ठरलेला असतो. एक साधा पोरगा किंवा पोरगी, कमरेला जाडजूड पट्टा. संकट आलं की पट्ट्याची कळ फिरवायची, हातांची ठरलेली मुद्रा करायची, जोरात काहीतरी ओरडायचं, की अंगावर झगझगीत कवच चढतं आणि डोक्यावर मोठ्या डोळ्यांचा मुखवटा. समोर रबरी कातडीचा राक्षस. मला वाटायचं, मुलं मारामारीसाठी बघतात. मग एकदा मधल्या सुट्टीत मीही त्यांच्यात बसून आवाज बंद ठेवून दोन भाग पाहिले. मुखवट्यामुळे वीराचे ओठ दिसत नाहीत. तो चिडला, घाबरला, हसला, हे सगळं मान, खांदे आणि हात सांगतात. मुलांचं त्यातलं काहीच सुटत नव्हतं. मलाच मधूनमधून विचारावं लागत होतं.

जानेवारीत स्नेहसंमेलन असतं. मी वर्गाला म्हटलं, यंदा आपला स्वतःचा वीर तयार करू, त्यांच्यासारखाच, पण नागपूरचा. वर्ग आनंदाने नुसता उसळला. गोष्ट मी लिहिते असं मीच कबूल केलं आणि पुढचा सगळा रविवार त्यात घातला. महाल भागातल्या गल्लीत राहणारा एक बहिरा मुलगा. त्याला जुन्या भंगारात पट्टा सापडतो. कळ फिरवली की त्याला ऐकू येऊ लागतं, आणि नुसतं ऐकू येत नाही, कोसभर लांबून येणाऱ्या शत्रूची पावलंही ऐकू येतात. मुखवट्याला मी सोनेरी, टोकदार कान काढले होते. सोमवारी फळ्यावर चित्रं काढत, हातांच्या खुणांनी मी ती गोष्ट वर्गाला सांगितली. माझ्या खुणा काही फार चांगल्या नाहीत, पण गोष्ट पोचली. संपली तेव्हा एकही हात हलला नाही.

तीच मुलगी उठली. भावाच्या मोबाइलवाली, रामटेककडच्या एका गावातली, वर्गात सगळ्यात धीट. तिने माझ्या हातातलं डस्टर घेतलं आणि मुखवट्याचे दोन्ही कान पुसून टाकले.

“याला ऐकू का यायला हवं?” तिने खुणेने विचारलं. इथून पुढे तिचं बोलणं मी असं साध्या मराठीत लिहिते आहे. तिच्या हातांत ते याहून कितीतरी धारदार असतं.

“ती त्याची शक्ती आहे.”

“पट्टा काढला की परत आमच्यासारखा?”

सोळा वर्षं या मुलांत काढून मला हे सुचलं नव्हतं. ज्या मुलांसाठी वीर बनवायचा, त्यांच्यासारखा तो राहू नये, हीच मी त्याला बक्षिसी देऊन बसले होते. खडू कुठे ठेवावा तेही कळेना.

“गोष्ट आम्ही करतो,” ती म्हणाली. “तुम्ही कपडे शिवा.”

मी निमूट हो म्हटलं.

त्यांनी केलेला वीर म्हणजे एक मुलगी होती. तिची सगळी शक्ती हातांत. तिने खूण केली की ती गोष्ट खरी होते. भिंत म्हटलं की भिंत, वारा म्हटलं की वारा. पट्टा होता, पण आरोळी नव्हती. रूप पालटताना ती दोन्ही मुठी छातीशी धरणार, आणि मग दहाही बोटं फटाक्यासारखी उघडणार. तेच तिचं नावही. शाळेच्या मुख्याध्यापिका कार्यक्रमपत्रिका छापायच्या घाईत होत्या, त्या म्हणाल्या, “अगं, काहीतरी नाव द्या ना, लोकांना कळायला नको?” मुलं ऐकेनात. शेवटी त्या जागी ‘नाव मंचावर पाहावे’ असं छापलं. मी इतवारीच्या बाजारात जाऊन फोमच्या चटया, चमकीचा कागद, रोषणाईच्या बारीक दिव्यांची माळ आणली. माझ्या जुन्या स्कूटरच्या हेल्मेटला चहाच्या मोठ्या गाळण्या बसवून डोळे केले. पिवळे, कोपरापर्यंतचे हातमोजे, बोटाबोटावर दिवा. ते घालून ती मुलगी पहिल्यांदा वर्गात उभी राहिली तेव्हा लहान वर्गांतली पोरं खिडक्यांना लटकली होती.

राक्षसाचं चित्र त्यांनी सगळ्यात शेवटी दिलं. उंच, काडीसारखी आकृती. चेहरा नाही, फक्त चष्म्याच्या दोन गोल काचा. आणि गळ्यापासून पायापर्यंत लोंबणारे हिरवे पट्टे. हा राक्षस गावात येतो आणि पट्ट्यांनी लोकांचे हात बांधून टाकतो. बांधलेली माणसं हळूहळू दगड होतात. याच चित्रावर मी ‘उत्तम’ लिहिलं. वर सुचवलं, पट्टे आणखी लांब करू, मंचावर छान लहरतील. मुलगी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. मला वाटलं, कौतुकाने लाजली असेल. हिरवं साटीनही मी मोठ्या हौसेने निवडलं. दुकानदाराला तीन छटा परत न्यायला लावल्या.

डिसेंबरच्या शेवटी तालमी सुरू झाल्या. राक्षस येण्याआधी गावातली एक बाई लांबून त्याला बघते आणि त्याचं नाव सांगून सगळ्यांना सावध करते, असा प्रसंग होता. त्या बाईचं काम करणाऱ्या पोरीने मनगटावर मनगट ठेवलं आणि गाठ मारल्यासारखा झटका दिला. मी तालीम थांबवली.

“ही खूण नको,” मी म्हटलं. “ही तर ‘वर्गात चला’ची खूण आहे. राक्षसाला दुसरं नाव शोधा.”

सगळे जागच्या जागी थबकले. एक बारका मुलगा फिसकन हसला आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला.

“ही ‘वर्गात चला’ची आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?” मुलीने विचारलं. हेल्मेट तिच्या बगलेत होतं.

“सांगायला कशाला हवं? मी व्हरांड्यात आले की तुम्ही सगळे एकमेकांना हीच खूण करता आणि वर्गात पळता. किती वर्षं बघते आहे. मीसुद्धा करते ना तुम्हाला.”

खरंच करायची मी. दररोज. घंटेचा दिवा लागला की व्हरांड्यात उभी राहून मनगटावर मनगट, आणि झटका. मुलं हसत हसत आत जायची. मला वाटायचं, आपल्यावर माया आहे पोरांची.

मुलीने आजूबाजूला पाहिलं. कुणी तिला नजर देईना. मग तिने हेल्मेट बाकावर ठेवलं आणि अगदी सावकाश, मला नीट कळावं म्हणून एकेक खूण सुटी करत सांगितलं.

“ते तुमचं नाव आहे.”

बहिऱ्या मुलांमध्ये प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं हे मला माहीत होतं. मला वाटायचं, माझं नाव म्हणजे हवेत फिरवलेला कुंचला. माझ्याशी बोलताना मुलं तीच खूण करायची. आपापसांत माझं हे दुसरं नाव होतं, आणि तेच खरं होतं. दहावीची मुलं नववीला सांगायची, नववीची आठवीला. ज्यांचा मी कधी तासही घेतला नव्हता त्यांनाही ते माहीत होतं.

“का?” मी विचारलं. माझा हात माझ्याच छातीवर होता.

“माझा भाऊ,” ती म्हणाली. “इथेच दुसरीत होता. तुम्ही त्याचे हात ओढणीने खुर्चीला बांधले. हिरव्या. पूर्ण तास. त्याला लघवीला जायचं होतं. सांगायला हात नव्हते.”

पुढचं तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत खुणा करायला बंदी होती. ओठ वाचायचे, तोंडाने बोलायचं. हात चालले तर मूल बोलायचा कंटाळा करतं, असं आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलेलं. चित्रकलेबरोबर पहिली दोन वर्षं मला लहान मुलांचा वाचावर्गही, म्हणजे तोंडाने बोलायला शिकवायचा तास, दिला होता. ‘हात खाली’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन. पण बांधले? मी आठवू लागले. ओढणी आठवली. पहिल्या पगाराची, हिरवी, बांधणीची, कडेला बारीक टिकल्या. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळलेलीही आठवली. मुलगा आठवेना. त्याचा चेहरा, त्याचे कपडे, तो रडला का, काही नाही. एका मुलाचं अख्खं बालपण ज्या तासाने नासवलं त्या तासातली माझ्या डोक्यात फक्त ओढणी उरली होती. मी बाकावर बसले, ते नेमकी त्या हेल्मेटच्या बाजूला. गाळण्यांचे ते दोन डोळे माझ्या चष्म्याकडे बघत होते.

तालीम तिथेच थांबली. मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “अगं, त्या वेळी सगळेच करत होते. मी पट्टीने मारलेलं आहे हातांवर. आपल्याला तसंच शिकवलं होतं.” त्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मला आत आले होते त्याहून जास्त घाबरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला विचारलं, “राक्षस बदलायचा का?”

“नाही.”

“बरं.”

राक्षसाचं काम दहावीतला एक उंच मुलगा करणार होता. रंगीत तालमीत त्याच्या डोक्यावर मुखवटा चढवला आणि मिनिटभरात त्याने तो ओरबाडून काढला. चेहरा पांढराफटक. आतून बाहेरचं जेमतेम दिसत होतं, समोरच्यांचे हात तर दिसतच नव्हते. ऐकू येत नाही, आणि आता खुणाही नाहीत. त्याने हात जोडले, मला जमणार नाही म्हणाला. कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. पोशाख मोठा होता, मापं मी माझ्याच अंगावर घेतली होती. मी म्हटलं, “मी घालते.” मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग होकाराची मान हलवली, आणि मला राक्षसाची चाल शिकवायला लागली. “खांदे असे नको,” ती सारखी सांगायची. “राक्षसाला आपण वाईट आहोत हे माहीत नसतं. तो छान चालतो.”

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. गावोगावहून पालक आले होते, बहुतेक सगळे ऐकू येणारे. आमच्या प्रवेशाला पार्श्वसंगीत असावं असं मुख्याध्यापिकांना वाटत होतं. मुलांनी ठाम नकार दिला. पडदा उघडला आणि काहीच आवाज झाला नाही. मुखवट्याच्या आत मला माझा श्वास ऐकू येत होता आणि बाहेरून खोकणं, खुर्च्या सरकणं, कुणीतरी विचारत होतं, “माइक बंद आहे का गा?” मग तेही थांबलं. मी ठरल्याप्रमाणे एकेका गावकऱ्याजवळ जाऊन हिरवे पट्टे त्यांच्या मनगटांभोवती गुंडाळू लागले. पाचवीतली एक पोरगी होती, तिने दोन्ही हात आपणहून पुढे केले. किती बारीक मनगटं होती. माझ्या हातून गाठ बसेना.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एका बाईचा आवाज आला, चिरकलेला. “अवं, सोडा ना त्याईले!”

सभागृहात कुणी हसलं नाही.

मग वीर आली. मुठी छातीशी, दहा बोटं उघडली, दिवे लागले. तिने वारा म्हटला, मी मागे ढकलली गेले. तिने आग म्हटली, मी कोसळले. गाठी सुटल्या आणि गावकऱ्यांचे हात वर आले. मंचावर आडवी पडून मी मुखवट्याच्या फटीतून बघत होते. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी हात वर करून हलवले, ती त्यांची टाळी.

विंगेच्या मागे मी मुखवटा काढला तेव्हा समोर एक पन्नाशीची बाई उभी होती, आणि तिच्या शेजारी एक तरुण. मघाशी ओरडलेली बाई हीच. मुलीची आई. तरुण तिचा भाऊ, इतवारीत भांड्यांच्या पॉलिशच्या कामावर असलेला. माझा घामाने भिजलेला चेहरा पाहून तो एक पाऊल मागे सरकला. राक्षसाच्या आत मी आहे हे बहिणीने त्याला सांगितलंच नव्हतं.

मी खुणेने म्हटलं, “तुझे हात मी बांधले होते. माझं चुकलं.” एवढ्या दोन वाक्यांसाठी मी चार दिवस सराव केला होता.

त्याने नुसतं पट्ट्यांकडे बोट केलं. आईला आमच्या खुणा कळत नव्हत्या, पण हिरव्या पट्ट्यांकडे बघून ती बोलायला लागली.

“मॅडम, मीबी बांधले होते जी याचे हात.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कधी?”

“तुमीच सांगतलं होतं नं, पालकाईच्या मिटिंगमधी. घरी हात चालू देऊ नका, नाही त पोराले बोलणं येणार नाही म्हणून. सुट्टीत घरी आला का मी याचे हात बांधू. जेवाच्या टायमाले सोडू. दोन साल बांधले जी. बोलणं त नाहीच आलं.”

ती मिटिंग मला आठवत होती. मी फळ्यावर मुद्दे लिहिले होते. चांगलं बोललीस, असं मला कुणीतरी म्हणालंही होतं. एका खुर्चीच्या एका तासाचं ओझं मी इतके दिवस वाहत होते, आणि इथे दोन वर्षं होती. वर्गात तेव्हा बाराजण होते. बाकीच्या घरांत काय झालं?

भाऊ आईच्या ओठांकडे बघत होता. त्याला कळलं नाही. बहीण तिकडे फोटोंत अडकली होती. त्याने मला विचारलं, “काय म्हणते?”

मी बदलून सांगू शकले असते. तिला नाटक आवडलं म्हणते, असं. त्या माउलीला कळलंही नसतं. पण मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. मिटिंग, मी काय सांगितलं होतं, जेवणाची वेळ. ‘दोन वर्षं’ सांगताना मी इतकी घाई केली की त्याने परत विचारलं, “किती?” मी परत सांगितलं.

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मला वाटायचं, तिला माझी लाज वाटते,” तो म्हणाला. “म्हणून बांधते.” आणि तो वळून बाहेर निघून गेला.

“काय म्हणला जी?” आईने विचारलं.

मी सांगितलं. ती पायरीवर बसली, पदर तोंडात धरून. पिवळे हातमोजे घातलेली तिची मुलगी आमच्याजवळ आली, दोघींकडे बघितलं, आणि तशीच भावाच्या मागे धावली. मला पोशाख काढता येईना, मागची चेन अडकली होती. मी तशीच हिरव्या पट्ट्यांत त्या बाईच्या शेजारी बसून राहिले.

त्यानंतर मी जुन्या हजेरीपटांवरून त्या वर्गातली नावं काढली. बारापैकी सातजण सापडले. तिघांच्या घरी जाऊन आले. एकाने दार लावून घेतलं. एकीने चहा दिला आणि म्हणाली, मला तर काही आठवत नाही. तिसऱ्याच्या बापाने मलाच दिलासा दिला, तो सगळ्यात अवघड गेला. बाकीच्यांकडे जायचं आहे. भाऊ मला इतवारीत एकदा दिसला, दुकानाच्या ओट्यावर. त्याने ओळखीची मान हलवली आणि परत कामाला लागला. यापेक्षा जास्त मी मागू शकत नाही.

त्याच फेब्रुवारीत एका दुपारी त्याची आई एकटीच शाळेत आली, एसटीने. मुलीला भेटायला आली असेल म्हणून मी बोलवायला निघाले, तर तिने मला थांबवलं.

“तुमच्याकडेच आली, मॅडम. पोरीले इचारलं त रडते.” ती इकडेतिकडे बघत होती. “जेव, झोप, पैसे, हे मले हातानं येते. पण ‘मले माहीत नव्हतं’ हे कसं म्हणाचं? तेवढं शिकवा.”

मी तिला दाखवलं. तिची बोटं धानाची रोवणी करून करून ताठलेली, पटकन वळत नव्हती. पहिल्यांदा उलटं झालं, दुसऱ्यांदा अर्धंच. व्हरांड्यातून जाणारी दोनतीन पोरं थांबली. त्यांच्यातल्या एका बारक्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन तिचा हात धरला, अंगठा बाजूला केला आणि मनगट सरळ करून दिलं.

“असंच नं गा?” तिने विचारलं.

त्याला ऐकू आलं नाही, पण त्याने मान डोलावली. ती चारची एसटी लागेपर्यंत व्हरांड्यात उभी राहून तेवढं एकच वाक्य करत राहिली.